सोनेरी अक्षरं, आणि चित्रकला न येणाऱ्याने काढलेला बैल

प्रश्न असा आला आहे: "परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. वाढदिवसाचे, उद्घाटनाचे बॅनर आतापर्यंत मोबाइलवर पिक्सेललॅबमध्ये करत आलो, म्हणजे तयार पीएलपी फाइलीत नाव आणि फोटो बदलायचे. आता कॉम्प्युटरवर गिम्प हे चित्रांचं फुकट सॉफ्टवेअर टाकलंय. अक्षरांना स्ट्रोक, सावली, सोनेरी रंग कसा द्यायचा? पोळ्याच्या बॅनरवर बैल, दिवाळीला पणती असली साधी चित्रं स्वतः काढता येतील का? चित्रकलेत मी शून्य आहे."

शून्य असलात तरी अडत नाही, भाऊ. इथे हाताला वळण नसलं तरी चालतं, सिलेक्शन मात्र समजलं पाहिजे. तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण दोन्हीचं काम एकच आहे. सिलेक्शन म्हणजे कॅनव्हासवर तुटक रेघ हलताना दिसते तो भाग. रंग टाकला की तेवढ्यातच पडतो, बाहेर सांडत नाही. अक्षराच्या आकाराचं सिलेक्शन घेतलं, थोडं फुगवलं आणि अक्षराच्या खाली रंग भरला की स्ट्रोक, म्हणजे अक्षराभोवतीची कड, तयार झाला. तेच सिलेक्शन काळ्याने भरून जरा सरकवलं, धूसर केलं की सावली झाली. त्यातच वरून खाली रंगछटा ओढली की सोनेरी झालं. आणि लंबगोल सिलेक्शनमधून वरचा अर्धा भाग वजा करून रंग भरला की पणतीचं बुड तयार.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं, त्यात लेयर (एकमेकांवर ठेवलेले चित्राचे पारदर्शक थर) आले १९९४ मध्ये आणि एका क्लिकवर सावली-उठाव देणारे तयार इफेक्ट आले १९९८ मध्ये. मधल्या काळात लोक सावल्या हाताने, सिलेक्शन घेऊनच करत होते. गिम्पमध्ये आजही ती पद्धत सरळ चालते. एकदा ती हाताला बसली की सॉफ्टवेअर कुठलंही असो, फक्त बटणांच्या जागा बदलतात. पीएलपी फाइल वाईट नाही, पण तिच्यात दुसऱ्याने काय केलंय ते कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाने "असंच, पण जरा वेगळं" म्हटलं की आपण अडकतो.

सरावाला एक ओळ घ्या: "मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या हार्दिक शुभेच्छा". १७ सप्टेंबरच्या आधी ही ओळ आपल्याकडच्या प्रत्येक फ्लेक्सवाल्याकडे येतेच. शिवाय अवघड जागा तिच्यात बऱ्याच आहेत. "क्ति", "ग्रा", "च्छा" ही जोडाक्षरं आहेत आणि "र्दि" मध्ये वेलांटी आणि रफार एकमेकांना खेटून बसतात. ही ओळ नीट जमली की पुढची बहुतेक जमतात.

आधी फॉन्टचं बघा. प्रिंटिंगच्या दुकानांत श्री-लिपीचे किंवा तसलेच जुने फॉन्ट असतात. ते दिसायला देखणे, पण त्यांची अक्षरं युनिकोडच्या, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच मांडणीच्या, जागेवर नसतात. गिऱ्हाइक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं तो युनिकोडमध्ये. तो तसाच पेस्ट करून जुना फॉन्ट लावला की एकतर चौकोन येतात, नाहीतर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं. मग कन्व्हर्टर वापरा, किंवा सरळ युनिकोड फॉन्ट घ्या. गुगल फॉन्ट्सवर मुक्ता, बलू, मोदक, खंड, यात्रा वन हे फुकट मिळतात. मथळ्याला बलू किंवा खंडचे जाड प्रकार मला बरे वाटतात. मोदक इतका गुबगुबीत आहे की लहान मुलांच्या वाढदिवसाला छान दिसतो, पण श्रद्धांजलीच्या बॅनरवर त्याच्याकडे बघू नका.

फॉन्ट पसंत करण्याआधी त्यात "शेतकऱ्यांचे" लिहून बघा. "ऱ्या" मधला तो आडवा, पापणीसारखा र आला तर फॉन्ट मराठीच्या कामाचा. रफार बनून य च्या डोक्यावर चढला तर आधी टायपिंग तपासा. कीबोर्डवर नुक्त्याचा "ऱ" वेगळा असतो, तो घेऊन पुढे हलंत आणि य द्यायचा. तरीही बिघडत असेल तर तो फॉन्ट बाजूला ठेवा. आपल्या भागात कृषी सेवा केंद्राच्या फ्लेक्सवर हा शब्द रोज लागतो.

गिम्पला देवनागरी नीट मांडता येते. फोटोशॉपवर गेलात आणि वेलांटी अक्षराच्या मागे पडली किंवा जोडाक्षरं हलंतासकट सुटी दिसली, तर फॉन्टला शिव्या देण्याआधी सेटिंग बघा. जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन निवडायचं, नव्यात पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी लेआउट.

अजून एक गोष्ट फॉन्टच्या वेळीच सांगून टाकतो. ओळ लांब दिसावी म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवू नका. इंग्रजी मथळ्यात ते शोभतं. आपल्याकडे शिरोरेषा तुटते, आणि "मराठवाडा" न दिसता म, रा, ठ, वा, डा असे पाच जण रांगेत उभे दिसतात. ओळ भरायची असेल तर रुंद फॉन्ट घ्या.

आता स्ट्रोक. टेक्स्ट टूलने ओळ लिहिली की तिचा वेगळा लेयर होतो. त्या लेयरवर राइट क्लिक करून अल्फा टू सिलेक्शन घ्या, अक्षरांभोवती तुटक रेघ येईल. सिलेक्ट मेन्यूत ग्रो आहे, तिथे पिक्सेलचा आकडा टाका. मग नवा पारदर्शक लेयर घेऊन तो टेक्स्टच्या खाली ओढा आणि रंग भरा. मूळ टेक्स्ट लेयरला हात लागलेला नाही, त्यामुळे उद्या स्पेलिंग बदललं तरी अक्षरं पुन्हा लिहिता येतात, फक्त खालचा लेयर नव्याने भरायचा.

आकडा किती टाकायचा, हा खरा प्रश्न. १० × ५ फुटी फ्लेक्स ७२ रिझोल्यूशनने केला तर फाइल ८६४० × ४३२० पिक्सेलची होते, आणि ७२ पिक्सेल म्हणजे छापल्यावर एक इंच. म्हणजे १८ पिक्सेलचा स्ट्रोक पाव इंच भरतो. पण मी इंचाकडे बघत नाही, अक्षराच्या कान्याकडे बघतो. काना जेवढा जाड, त्याच्या पाव ते निम्मा स्ट्रोक. त्याच्या पुढे गेलात की "र्दि" कडे बघा: रफार आणि वेलांटी यांच्यामधली फट भरून जाते आणि वर नुसता एक गोळा उरतो. "च्छा" मधल्या छ च्या पोटातली जागाही बुजते. एवढी एक फट उघडी राहिली की बाकी ओळ आपोआप सुटी दिसते. म्हणून झूम तिथेच करा, ओळीच्या सुरुवातीला नको. "म" कसल्याही स्ट्रोकमध्ये चांगलाच दिसतो.

मागे फोटो असेल तर दोन स्ट्रोक द्या. आतला पातळ पांढरा आणि त्याच्या बाहेर गडद. दुसऱ्यासाठी तेच सिलेक्शन पुन्हा फुगवायचं आणि आणखी एक लेयर खाली टाकायचा. तीन-चार स्ट्रोकचे बॅनरही निघतात, विशेषतः "भावी आमदार" असं लिहायचं असतं तेव्हा. गिऱ्हाइकाने आग्रह धरला तर करा, पैसे त्याचे आहेत.

गिम्पमध्ये पाथ फ्रॉम टेक्स्ट असाही पर्याय दिसेल. पाथ म्हणजे बिंदूंनी आखलेली, हवी तशी वळवता येणारी रेघ. त्या पाथला रेघ मारून स्ट्रोक देऊ नका. पाथमध्ये प्रत्येक अक्षराची कड वेगळी असते आणि शिरोरेषेवर दोन अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात, म्हणून प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते. कोरलड्रॉमध्ये आउटलाइन दिल्यावर हाच त्रास होतो, तिथे आधी वेल्ड करावं, म्हणजे आकार एकत्र जोडावे लागतात. अल्फा टू सिलेक्शन सगळी अक्षरं एकजीव धरतं, चिरा पडत नाहीत.

सावलीला तयार फिल्टर आहे: लाइट अँड शॅडोमध्ये ड्रॉप शॅडो. तरी एकदा हाताने करून बघा. अक्षराचं सिलेक्शन, खाली नवा लेयर, काळा रंग. मग सिलेक्शन काढून टाका. ते तसंच राहिलं तर ब्लर आतल्या आतच होतो आणि कड कोरडी राहते. लेयर उजवीकडे-खाली सरकवा, गॉशियन ब्लर द्या, अपारदर्शकता निम्म्यावर आणा. नेत्याच्या फोटोत उजेड डावीकडून असेल तर सावली उजवीकडेच पडली पाहिजे. हे बोलून दाखवणारं गिऱ्हाइक विरळा, पण काहीतरी खटकतंय हे सगळ्यांनाच जाणवतं.

लांबून वाचायच्या बोर्डाला धूसर सावलीपेक्षा घट्ट सावली चांगली. फ्लेक्सच्या आधी पेंटर लोक भिंतीवर अशीच शेड मारायचे: अक्षर पिवळं, एका बाजूने आणि खालून लाल किंवा काळी जाडी. गिम्पमध्ये लाँग शॅडो फिल्टरने हे काम होतं, फक्त लांबी ठरावीक ठेवायची, नाहीतर शेड कॅनव्हासच्या टोकापर्यंत पळते. गावातल्या एखाद्या जुन्या दुकानाच्या शटरवर पेंटरने काढलेला बोर्ड अजून शिल्लक असेल तर थांबून बघा. शेड कुठे थांबवली, उकाराखाली किती जागा सोडली, ते कुठल्याही व्हिडिओपेक्षा लवकर कळतं.

सोनेरी रंगात सगळी गंमत पट्ट्यांची आहे. सपाट पिवळा हा सोनं नसतो, हळद असते. गडद तपकिरी, पिवळा, जवळजवळ पांढरा, पुन्हा तपकिरी, पुन्हा पिवळा अशा आडव्या पट्ट्या लागतात. मी साधारण हे आकडे ठेवतो: तपकिरीला लाल १३८, हिरवा ९०, निळा ०, पिवळ्याला २५५, २१७, ९०, चमकेला २५५, २४६, २००. गिम्पच्या ग्रेडियंट एडिटरमध्ये ही रंगछटा (ग्रेडियंट) एकदा बनवून नाव देऊन ठेवा. अक्षराचं सिलेक्शन घ्या, वर नवा लेयर टाका आणि शिफ्ट न दाबता, कंट्रोल दाबून ग्रेडियंट सरळ वरून खाली ओढा.

कुठून कुठपर्यंत? शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या तळापर्यंत. पूर्ण लेयरच्या उंचीत ओढलात तर वरच्या मात्रा आणि खालचे उकारही हिशोबात येतात, आणि पांढरी चमक नेमकी शिरोरेषेवर बसते. मग फिक्या पार्श्वभूमीवर शिरोरेषा गायब आणि अक्षरं खाली लोंबकळतात. चमक शिरोरेषेच्या थोडी खाली, अक्षराच्या पोटात पडली पाहिजे. शिरोरेषा गडद किंवा पिवळीच ठेवा. बाहेरून पातळ गडद तपकिरी स्ट्रोक द्या, काळा नको, काळ्याने सोनं मळकट दिसतं. आणि पार्श्वभूमी मरून किंवा गडद निळी असेल तरच सोनेरीचा हट्ट धरा.

निऑन सोपं आहे. पार्श्वभूमी काळी, अक्षर फिकं, त्याच्या मागे रंगीत प्रती वाढत्या ब्लरने. स्क्रीनवर झकास दिसतं, फ्लेक्सवर निम्मं मरतं. ते स्टेटसपुरतं ठेवा.

कमानीत वळवलेली अक्षरं हा देवस्थानांच्या पत्रिकांचा लाडका प्रकार. फोटोशॉपमध्ये वळणदार पाथवर मराठी लिहिलं तर प्रत्येक अक्षर स्वतंत्र कलतं, आणि शिरोरेषा वळण्याऐवजी तुकड्या-तुकड्यांची होते. तिथे वार्प टेक्स्टमधला आर्क वापरा, अख्खी ओळ एकत्र वाकते. गिम्पमध्ये टेक्स्ट अलाँग पाथ अक्षरांचे आकारच वाकवतं, म्हणून शिरोरेषाही बऱ्यापैकी गोलाईत येते. पण तो पाथ असतो, तेव्हा त्याला सिलेक्शनमध्ये बदलून रंग भरा, रेघ मारू नका. कारण वर सांगितलंच.

आता चित्रं. माउसने हाताने रेघ ओढायला जाऊ नका. ती थरथरते, आणि मग माणूस "मला जमत नाही" म्हणून सोडून देतो. लंबगोल आणि चौकोनी सिलेक्शनची बेरीज-वजाबाकी शिका. गिम्पमध्ये शिफ्ट दाबून ओढलं की सिलेक्शन जोडलं जातं, कंट्रोल दाबून वजा होतं, आणि दोन्ही दाबून फक्त सामाईक भाग उरतो. कळ ओढायच्या आधी दाबायची. ओढायला लागल्यावर शिफ्ट दाबली तर अर्थ बदलतो: लंबगोलाचा नेमका गोल होतो.

पणती: आडवा लंबगोल घ्या, वरच्या अर्ध्यावर चौकोन वजा करा, उरलेल्या वाटीत विटकरी रंग भरा. ज्योतीसाठी एक गोल, बाजूने त्याच्यावर अर्धा चढलेला दुसरा गोल, दोन्ही कळा दाबून सामाईक भाग, म्हणजे उभं पान मिळतं. पिवळा भरा. सिलेक्ट मेन्यूतल्या श्रिंकने तेच आत आखडून फिका पिवळा भरा. ज्योतीच्या मागे गोल सिलेक्शन घेऊन फेदर करून (कड मऊ करून) नारिंगी सोडलं की उजेडही आला.

कापसाचं बोंड तर याहून सोपं. शिफ्ट दाबून चार-पाच गोल एकमेकांवर जोडत जा, पांढरा भरा, खाली तपकिरी टोकदार पाकळ्या. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, म्हणून बोंडाच्या खालच्या कडेला अगदी फिकी राखाडी सावली लागते.

बैल. त्याचं डोकं समोरून काढा, अख्खा बैल बाजूने काढायच्या फंदात पहिल्या दिवशी पडू नका. समोरचं डोकं सममित असतं, म्हणजे अर्धंच काढायचं. कॅनव्हासच्या मधोमध उभी गाइड (छापली न जाणारी मापाची रेघ) ठेवा. डाव्या बाजूला उभा लांबोळा चेहरा, खाली थोडा रुंद लंबगोल नाकासाठी, बाजूला झुकलेलं पान कानासाठी. ते पान म्हणजे वरची ज्योतच, फिरवून घेतलेली. शिंगासाठी गोलातून थोडा सरकवलेला गोल वजा करा, कोर मिळते. कोर फिरवून टोक वर आणा, टोकाकडचा तुकडा वेगळा निवडून लाल करा, झाली रंगवलेली शिंगं. मग हे लेयर एकत्र करा, त्याची प्रत घ्या, आडवी फ्लिप करून गाइडला टेकवा. कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरांची माळ दिली की पोळ्याचा बैल ओळखू येतो. माळेला छोटा गोल पिवळा ब्रश घ्या, त्याचं स्पेसिंग (ठशांमधलं अंतर) शंभराच्या पुढे वाढवा आणि माळेच्या वळणाच्या पाथवरून त्या ब्रशने स्ट्रोक मारा. इथे पाथला स्ट्रोक चालतो, सांध्यांचा प्रश्न नाही.

बाजूने उभा, झूल घातलेला बैल हवाच असेल तर आपल्याच आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या गोठ्यातल्या, बैलाचा फोटो काढा, लेयरची अपारदर्शकता चाळीस टक्क्यांवर आणा आणि वरून पाथ टूलने कड धरा. बिंदू कमी ठेवा. पाठीला दोन, वशिंडाला तीन, पायाला गुडघ्यापाशी एकेक. बिंदू वाढले की रेघ गुठळ्या धरते. गुगलवरून उचललेल्या चित्राची कड मात्र धरू नका, ते दुसऱ्याचं काम असतं, आणि आपल्या गावात फोटो काढायला बैल काही कमी नाहीत.

मुक्तिसंग्राम दिनाच्या बॅनरला मागे देवगिरीची काळी आकृती छान बसते. फ्री सिलेक्ट टूलने टिचक्या मारत डोंगराची कड धरा. वरचा भाग उतरता आणि खालचा कडा जवळजवळ सरळ तासलेला, ही त्या किल्ल्याची ओळख. नुसता त्रिकोण काढला तर कुठलाही डोंगर होतो. बाजूला चांद मिनार: वर निमुळता होत जाणारा उभा आकार, त्यावर सज्जांच्या आडव्या पट्ट्या आणि डोक्यावर लहान घुमट. मिनारही अर्धाच काढून फ्लिप करा. मागे केशरी ते गडद जांभळा ग्रेडियंट दिला की पुरे, विटा-खिडक्या काढत बसू नका.

काठासाठी पैठणीकडे बघा. तिच्या काठात तिरके चौकोन असतात. छोटा चौकोन ४५ अंशांत फिरवा, आत दुसऱ्या रंगाचा लहान चौकोन ठेवा, सगळं निवडून कॉपी करा. गिम्पमध्ये कॉपी केलेलं चित्र ब्रशच्या यादीत लगेच ब्रश म्हणून येतं. तो घ्या, स्पेसिंग शंभर ठेवा, पेन्सिल टूलने डावीकडे एक क्लिक, मग शिफ्ट धरून उजव्या टोकाला क्लिक. कंट्रोलही दाबलात तर रेघ कलत नाही. अख्खा काठ एका रेघेत छापला जातो. लग्नपत्रिकेला हा काठ आणि आतला सोनेरी मथळा एवढंच पुरतं, वर गुलाबाची फुलं ओतायची गरज नाही.

दुकानाचा लोगो मात्र गिम्पमध्ये करू नका. हे पिक्सेलचं काम आहे, मोठं केलं की कडा फुटतात. लोगो व्हिजिटिंग कार्डावरही जाणार आणि वीस फुटी बोर्डावरही, म्हणून तो इंकस्केप किंवा कोरलमध्ये. इंकस्केप फुकट आहे, आणि तिथेही युनियन आणि डिफरन्स म्हणजे हीच बेरीज-वजाबाकी.

छपाईला देताना एक जेपीजी आणि आपल्याकडे एक्ससीएफ (लेयरसकट राहणारी गिम्पची स्वतःची फाइल), दोन्ही ठेवा. पत्रिकेला रिझोल्यूशन ३००, फ्लेक्सला ७२ बस. झगझगीत निळा-हिरवा स्क्रीनवर असतो तसा छापून येत नाही, म्हणून नवीन मशीनवाल्याकडून आधी एक फूटभर तुकडा काढून घ्या. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि छापायच्या आधी गिऱ्हाइकाकडून नावांचा क्रम लेखी घ्या. स्ट्रोक कमी-जास्त झाला तर कोणी बोलत नाही, पण सरपंचाचं नाव उपसरपंचाच्या खाली गेलं तर फ्लेक्स दुसरा छापावा लागतो, आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर दुकानात अर्धा दिवस जातो.